मेलांगेलचं कोकरू

"यात तुझा चेहरा कुठंय गं?" शेजारच्या दिलिसने नेस्ताला विचारलं.

चर्चमागच्या जुन्या गोठ्यात संत मेलांगेल उभी होती. दोन पुरुष उंच, लोकर, नेचे आणि शेवाळ विणून केलेली. झगा एवढा घेरदार की खाली एखादं बिऱ्हाड मावलं असतं. पण मानेवर चेहरा नव्हता, नुसता शेवाळाचा गोळा होता.

"अजून बसवायचा असेल," नेस्ता म्हणाली.

"आता कधी बसवणार? पाद्रीबाबांचं भाषण झालं, केक संपला. अख्खं गाव बघून घरी चाललंय."

नेस्ताने घरी निघालेल्या लोकांकडे पाठ फिरवली. कारण अख्ख्या गावाला तिनेच सांगून ठेवलं होतं. दुकानात, पोस्टात, चर्चमध्ये फुलं सजवणाऱ्या बायकांत. हेस्टर मेलांगेल करतेय आणि चेहरा माझा घेतलाय.

तसा सबंध हिवाळा ती हेस्टरसमोर स्टुलावर बसली होती. हेस्टर इंग्लंडमधून येऊन इथे वेल्सच्या खोऱ्यात राहिलेली, मूर्ती करणारी बाई. वेल्श शिकली होती ती वर्गात जाऊन. कुत्र्याला "आपण बसावं" म्हणायची आणि पाद्रीबाबांना "ए, बस की". खोऱ्यातले लोक तिला तोंडावर कधी हसले नाहीत. तिला काय म्हणायचंय ते ओळखायचं, मनातल्या मनात वाक्य सरळ करून घ्यायचं आणि मान डोलवायची, अशी इथली रीत. तीच नेस्ताला नडली.

"नेस्ता, मला तू पाहिजे," हेस्टर पहिल्या दिवशी म्हणाली होती. "तू मेलांगेलची कोकरू."

बिचारीला 'मेलांगेल' म्हणायचं असणार, कोकरू कुठून तरी मध्ये घुसलं, असं समजून नेस्ताने मान डोलवली. सदुसष्ट वर्षांच्या बाईला कोकरू कोण म्हणेल?

शिवाय मेलांगेल व्हायला तिला आवडलंही होतं. राजाची शिकारी कुत्री सशामागे लागली तेव्हा रानात प्रार्थना करणाऱ्या त्या पोरीने त्याला झग्याखाली घेतलं आणि कुत्री केकाटत परत फिरली, ही गोष्ट खोऱ्यात कोणाला माहीत नाही? नेस्ताचं आयुष्य आधी आईचं, मग मावशीचं आणि आता भावाचं करण्यात गेलं होतं. आसरा देणाऱ्या बाईचा चेहरा म्हणून आपला शोभेल, असं तिला मनापासून वाटलं. भाऊ हावेल तेवढा म्हणाला होता, "संत? तू? तुझा रविवारचा रस्सा खाल्लेला दिसत नाही त्या बाईने."

इतक्यात हेस्टर हात पुसत आली. "बघितलीस? नाही? खाली वाक. आत बघ."

नेस्ताने गुडघ्यावर हात टेकून झग्याची कड उचलली. आत तपकिरी लोकरीचा ससा बसला होता, माणसाएवढा, कान पाठीला चिकटवून. डोळे नेस्ताचे होते. आवळलेले ओठही तिचेच.

"मी सांगितली होती ना," हेस्टर आनंदाने म्हणाली, "मेलांगेलची कोकरू!"

आता नेस्ताच्या डोक्यात प्रकाश पडला. या खोऱ्यात जुने लोक सशाला ससा म्हणत नसत, मेलांगेलचं कोकरूच म्हणत. तिचे आजोबाही म्हणायचे. हेस्टरने एकदाच काय ते बरोबर बोलून दाखवलं होतं, आणि नेस्ताने नेमकं तेच दुरुस्त करून घेतलं होतं.

"ससा?" दिलिसला हसू आवरेना. "अगं, ससा केला तुझा!"

नेस्ताचे कान तापले. हा अपमान की मान, तिला ठरवता येईना. "मी घाबरट आहे असं कोणी सांगितलं तुला?"

"घाबरट नाही." हेस्टर शब्द शोधू लागली. "तू दमला. पळून पळून."

"मी कुठे पळते? जन्मापासून एकाच घरात आहे मी!"

"हो," हेस्टर म्हणाली. तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली. दिलिसही कपबशा गोळा करायला वळली.

नेस्ता तिथेच उभी राहिली. हो म्हणजे काय हो? मग आपल्या तोंडाकडे पुन्हा एकदा नीट बघावं म्हणून ती वाकली, रांगली आणि बघता बघता पूर्ण आत गेली. आत लोकरीचा उबदार वास होता. बाहेरचे आवाज दबले होते. सशाला टेकून ती खाली बसली. रडू येतंय की हसू, तेही तिला कळेना.

"नेस्ता!" हावेलचा आवाज आला. "कुठे गेली ही? चहाची वेळ झाली, कुत्र्यांना घालायचंय अजून."

"आत्ता तर इथंच होती बाई," दिलिस म्हणाली.

पहिल्या हाकेला "आले, आले" म्हणायची नेस्ताची जन्माची सवय. तोंडही उघडलं होतं तिने. पण शब्द ओठांवरच राहिला. आपण हे काय करतोय, या वयात, तिला काही उमगेना.

"नेस्ता! अगं ए!"

हावेलचे चिखलाचे बूट झग्याच्या कडेशी येऊन थांबले. नेस्ताच्या उजव्या बुटाचं टोक बाहेर दिसत होतं. तिने ते हळूच आत ओढून घेतलं.