पाच लिटरच्या कॅनची साक्ष

मी एक जुना पाच लिटरचा कॅन आहे. एके काळी पांढरा होतो, आता पिवळट पडलोय. माझं काम ऐकलं की मुलं नाकाला हात लावतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. रुग्णाची चोवीस तासांची लघवी साठवायची, हे माझं काम. हसून घ्या, मित्रांनो. झालं? मग आता पुढचं ऐका.

एका कारखान्यात प्लॅस्टिकचे दाणे वितळवून, साच्यात हवा फुंकून मला घडवलं. माझ्या भावंडांपैकी कुणाच्या नशिबी तेल आलं, कुणाच्या नशिबी फिनेल. मला पोटावर मापाच्या रेघा मिळाल्या आणि मी एका तपासणीच्या प्रयोगशाळेत पोचलो. तिथल्या ताई मला गरम पाण्यानं धुवायच्या, उन्हात पालथा घालायच्या आणि नव्या रुग्णाच्या नावाची चिठ्ठी चिकटवून पाठवून द्यायच्या. मी कितीतरी घरं पाहिली. पाहुणे आले की माझ्यावर टॉवेल पडायचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही. रेघांवर माझा भरवसा होता. "याचं माप अजून चोख आहे हं," असं ताई म्हणायच्या, तेव्हा तर मी फुगूनच जायचो.

एकदा मी बंदरावरच्या क्रेनवाल्याच्या घरी गेलो. वय चव्वेचाळीस. त्याच्या मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होत होत्या आणि दरवर्षी वाढत होत्या. हाच आजार त्याच्या वडिलांना होता. शेवटची सहा वर्षं त्यांनी रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनला जोडून घेण्यात काढली होती. क्रेनवाल्याला तेवढंच टाळायचं होतं.

डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं, "शरीरात पाणी कमी पडलं की मेंदू एक हार्मोन सोडतो. ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी धरून ठेवा. तुमच्या आजारात हेच हार्मोन गाठींना खतपाणी घालतं. म्हणून दिवसाला तीन लिटर पाणी प्या, म्हणजे ते गप्प बसेल." ते हार्मोन मोजायला अवघड. पण त्याच्याबरोबर कोपेप्टिन नावाचा एक सोबती रक्तात उतरतो आणि तो जरा जास्त टिकतो. त्याला मोजलं की हार्मोनचा अंदाज येतो. तीन महिन्यांनी तीच तपासणी होती, आणि जोडीला मी.

रविवारी बायको दर तासाला पेला भरून पुढं ठेवायची. "अहो, प्यालात ना?"

"प्यालो गं, बाई!"

पाणी प्यायली होती खिडकीतली कुंडी. सोमवारी सकाळी माझ्यात लिटरभरसुद्धा भरलं नव्हतं. त्यानं माझ्या रेघा पाहिल्या, दाराकडे पाहिलं, आणि मला नळाखाली धरलं. थंडगार पाणी पोटात उतरलं तेव्हा मी शहारलो. तीनच्या रेघेला त्याचा हात थांबला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच खोटं बोलत होतो.

पण ताईंची एक जुनी सवय होती. कॅन हातात आला की त्या रुग्णाकडून छोट्या बाटलीत ताजी लघवीही घ्यायच्या. ती गडद पिवळी निघाली. मी मात्र पाण्यासारखा फिकट. सकाळची थोडी गडद असतेच, असं म्हणून त्यांनी बाटलीवर खूण केली आणि दोन्ही नमुने फ्रिजमध्ये ठेवले.

त्याच सकाळी घेतलेल्या रक्ताचा अहवाल चार दिवसांनी आला. कोपेप्टिन भरपूर वाढलेलं. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मेंदू ओरडून सांगतोय पाणी धरा, आणि मूत्रपिंडं तीन-तीन लिटर सोडतायत? म्हणजे ती हार्मोनचं ऐकतच नाहीत. मग या हार्मोनला अडवणाऱ्या ज्या नव्या गोळ्या द्यायच्या होत्या, त्यांचाही उपयोग होणार नाही."

बायकोनं पदर तोंडाला लावला. क्रेनवाला खाली बघत राहिला. तेवढ्यात ताई मला आणि त्या बाटलीला घेऊन आल्या. आम्हा दोघांना त्यांनी टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलं.

"दादा, कॅनमध्ये नळाचं पाणी किती ओतलंत?"

क्रेनवाला हळूच म्हणाला, "दोन लिटर."

"अगं बाई! आणि माझी कुंडी का सडली म्हणते मी!" बायको म्हणाली. तिला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना.

"पण का?" डॉक्टरांनी विचारलं.

"केबिन आहे अकरा मजले उंच, डॉक्टर. तिथं संडास नाही. उतरायला पंधरा मिनिटं, चढायला वीस. खाली जहाज खोळंबलेलं. वीस वर्षं मी पाणीच टाळत आलोय, आता सुट्टीला घरीही ते जात नाही. आणि पीत नाही म्हटलं तर तुम्ही रागावाल असं वाटलं."

डॉक्टर रागावले नाहीत. पण उत्तर ताईंनी दिलं. "आमच्याकडे आता एकदाच वापरायचे कॅन आलेत. हा कपाटावर धूळ खात पडणार. घेऊन जा वर."

आता मी क्रेनच्या केबिनमध्ये राहतो. एका खिळ्याला पाण्याची बाटली, खाली कोपऱ्यात मी. एक रिकामी होते, दुसरा भरतो. बाटलीतला एक थेंबही आता कुंडीला जात नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, कोपेप्टिन निम्म्यावर आलं होतं. मूत्रपिंडं हार्मोनचं नीट ऐकतात हेही त्या गडद बाटलीवरून सिद्ध झालं, म्हणून नव्या गोळ्यांचा रस्ता मोकळा झाला. गाठींचा वेग किती मंदावतो ते वर्षभरानं कळेल. त्याला घाई नाही, मलाही नाही.

परवा शेजारच्या क्रेनवाल्यानं वायरलेसवर विचारलं, "काय रे, तुझ्या कोपऱ्यात ते काय आहे?"

"माझा साक्षीदार," हा म्हणाला, आणि गटागटा पाणी प्याला.

मित्रांनो, पाणी किती प्यायचं ते ज्याचं त्यानं डॉक्टरांना विचारावं. सगळ्यांना सारखं चालत नाही. माझं मागणं एवढंच आहे. डॉक्टरांपुढं लाजू नका, अडचण असेल ती सांगा. आणि माझ्यासारख्या बिचाऱ्या कॅनच्या तोंडून खोटं वदवू नका. मला ते जमत नाही. पोटावर रेघा आहेत ना!