शेवटचे चार फूट

आमची बाग जिथे संपते तिथून माळ सुरू होतो. माळ म्हणजे काटेरी झुडपं, दगड आणि साप. तरीही आमच्या ह्यांना तिथे कुंपण घालायची सुरसुरी आली. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, निवृत्त झाल्यावर हात शिवशिवणारच.

"अगं, कागदावर नव्वद फूट आहेत आणि बाग चौऱ्याण्णव भरतेय," टेप गुंडाळत हे म्हणाले. "शेवटचे चार फूट आपले नाहीत."

त्या चार फुटांत माझे गुलाब आहेत. अकरा वर्षं दगड वेचून, पाट्या भरभरून माती टाकून मी ती जमीन केली. दिवसभर लोकांचे कपडे शिवल्यावर मला माझी म्हणून तेवढीच जागा आहे.

"तक्रार कोण करणार? रानडुकरं?" मी म्हटलं.

"कुणीच नाही करणार. पण एका म्हातारीचं कुंपण मी दोन फूट आत घ्यायला लावलं होतं. रडत होती बिचारी, तरी लावलं. आता स्वतःच्या वेळी डोळेझाक करू?"

ह्या माणसाने मोजणीला गेल्यावर कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नाही. त्याचीच तर चीड येते, भांडायलाही जागा ठेवत नाही. तीन दिवस मी अबोला धरला. हे शांतपणे खुंट तासत बसले.

चौथ्या दिवशी दुपारी हे झोपल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलची टेप आणली. जाणारच आहे तर किती जातंय ते आपल्या डोळ्यांनी बघावं, म्हटलं. मोजलं. बरोबर नव्वद. पुन्हा मोजलं. नव्वदच!

मग ह्यांची टेप तिच्या शेजारी अंथरली. पहिल्या पगारातून घेतलेली कापडी टेप. ऑफिसची बाजूला ठेवून आयुष्यभर हीच वापरली. नवी चोवीस फूट दाखवत होती, तिथे ही पंचवीस. पावसापाण्यात भिजून भिजून आटली होती मेली. कापड आटतं हे मला शिवण शिकताना पहिल्याच महिन्यात कळलं, ह्या शहाण्याला चौतीस वर्षांत नाही!

गुलाब वाचले. ह्यांना गदागदा हलवून उठवायला मी धावले आणि दारातच थबकले. टेप आटली कधी? पाच वर्षांपूर्वी की पंचवीस? म्हणजे त्या म्हातारीचे दोन फूट तिचेच होते की काय? आणि तिच्यासारखे आणखी किती? हे कळलं तर ह्या माणसाच्या घशाखाली घास उतरणार नाही. एकेका दारात जाऊन हात जोडेल आणि त्यातच संपेल.

संतापाने माझं डोकं फुटायची वेळ आली. बोलले तर नवरा जातो, गप्प बसले तर बाग. वर त्या म्हातारीवरचा अन्यायही माझ्याच गळ्यात. चूक ह्यांची आणि तोंड शिवायचं मी.

मी नवी टेप दुकानात परत नेली.

"काय झालं, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"चुकीचं माप दाखवते," मी म्हटलं.

संध्याकाळी हे खुंट ठोकत होते. मी कुदळ घेऊन आलेली बघून ह्यांचा चेहरा खुलला.

"बघ, पटलं ना शेवटी? माप म्हणजे माप."

"पटलं," मी म्हटलं आणि पहिल्या गुलाबाच्या मुळाशी कुदळ घातली.