झोहराच्या नावाशेजारचा हिरवा दिवा

झोहरा गेल्याचे मला उशीवरून कळले.

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. भिंतीतली नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. माझ्यासारखीला लोक अ‍ॅप म्हणतात. समुद्रकाठच्या नाबुल गावात हेदी आणि झोहरा या नवराबायकोच्या घरी मी राहते. झोहरा बुटकी होती. खुर्चीवर जाड उशी ठेवून बसली, की मगच तिचा चेहरा कॅमेऱ्यात मावायचा. हिवाळ्यातल्या त्या सकाळी संगणक सुरू झाला, मी नेहमीसारखी आपोआप उघडले आणि पाहते तर समोर हेदी. उशी त्याच्या मांडीवर होती. अंगणात बायका रडत होत्या. ताप आला म्हणून दवाखान्यात गेलेली झोहरा परत आली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. समुद्रापलीकडच्या मार्से शहरातून फतही बोलत होता. झोहराची थोरली बहीण बेया तिकडे राहते, तिचा हा मुलगा.

"काका, मावशीचं कळलं. पण आईला एवढ्यात सांगू नका."

"सख्खी बहीण आहे रे ती."

"म्हणूनच म्हणतोय. हृदयाचं ऑपरेशन होऊन आठवडासुद्धा झाला नाही. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. जरा बरी होऊ दे, मग मीच सांगतो."

हेदीने मांडीवरची उशी जवळ ओढली. मग म्हणाला, "बरं." आमच्याकडे असेच करतात. आजारी माणसापासून मरण लपवतात आणि घरच काय, सगळी गल्ली त्या लपवण्याला साथ देते.

आता माझ्या जन्माची गोष्ट सांगते. हेदीचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. पुढे तो संगणकही दुरुस्त करू लागला. गावातली आणि समुद्रापलीकडे गेलेली माणसे 'हूमा' नावाच्या एका संकेतस्थळावर भेटत, फोटो टाकत, गप्पा मारत. झोहराही तिथे बेयाशी बोले. फोनवरची अक्षरे तिला दिसत नसत, म्हणून ती संगणकापुढे बसे. पण तिथे दहा पाने उघडलेली असायची आणि कोपऱ्यातल्या फुलीवर तिचा हात हटकून पडायचा.

"अरे हेदी, बेया गेली."

"कुठे गेली?"

"मला काय माहीत? फुली दाबली आणि गेली. बोलता बोलता गेली बिचारी."

"बेया नाही गेली. तू पान बंद केलंस."

"मग ते बंद होतंच कशाला?"

हेदी हसला, पण तो प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला. कुठल्याही संकेतस्थळाचे अ‍ॅप करून देणारी एक फुकट सोय त्याला सापडली. त्याने हूमाचा पत्ता टाकला, नाव दिले, चित्र म्हणून नारिंगाचे फूल लावले. कॉफीला उकळी येईपर्यंत मी तयार झाले. पत्त्याची पट्टी नाही, दुसरी पाने नाहीत. फक्त हूमा, मोठ्या अक्षरांत. झोहरा पासवर्ड विसरते म्हणून तो पुन्हा कधी विचारायचा नाही, असे त्याने मला सांगून ठेवले. संगणक सुरू झाला की मी आपोआप उघडावे, अशीही सोय केली. आणि फुली दाबली तरी मी बंद होत नसे. खाली कोपऱ्यात जाऊन जागीच बसत असे. मी जागी असेपर्यंत झोहराच्या नावाशेजारी एक हिरवा दिवा लागलेला असे. तो पाहून समुद्रापलीकडे बेया म्हणायची, आहे गं बाई घरात.

मित्रांनो, माझ्या आत माझे असे काही नाही. मी नुसती चौकट आहे. पण चौकटीतून पाहणारे माणूस आनंदात असले, की चौकटीलाही आपण कुणीतरी आहोत असे वाटते.

गल्लीत माझी बातमी पसरली. शेजारचा कुंभार अमोर पेन ड्राइव्ह घेऊन आला. आमच्याकडे मानाने हाक मारताना पुरुषाच्या नावाआधी 'सी' लावतात.

"सी हेदी, फुकट देताय म्हणजे यात काहीतरी खोट असणार."

"आहे ना. घरी लावलंस की बायको स्वयंपाक विसरते."

"मग काही बिघडत नाही. तसाही मला हरिसाची तिखट चटणी आणि पावच मिळतो."

अशी मी घरोघर गेले. हेदीने कुणाकडून काही घेतले नाही. बायका भेटल्या की माझे कौतुक करत. पुढे फोन मोठे झाले, स्वस्त झाले, आणि एकेका घरातून मला काढून टाकण्यात आले. अमोरने तर मला पुसून त्या जागी फुटबॉलचे सामने ठेवले. शेवटी मी या एकाच घरात उरले. त्याचे मला वाईट वाटले नाही. झोहरा होती.

वसंतात नारिंगाची फुले आली, की झोहरा कॅमेरा स्वयंपाकघराकडे वळवायची. शेगडीवर आईच्या वेळचे तांब्याचे भांडे चढायचे, त्यात फुले आणि पाणी. वाफ नळीतून थंड होऊन लांब मानेच्या बाटलीत थेंब थेंब पडायची. तिकडून बेया लक्ष ठेवून असायची. ती थोरली, म्हणून झोहरा तिला मानाने लल्ला म्हणे.

"आच कमी कर गं. फुलांचं पाणी काढतेयस की अंडी उकडतेयस?"

"लल्ला, तू आपली तिथे बसून तुझा गॅस सांभाळ."

"आईचं भांडं तुला मिळालं, म्हणून एवढा जोर."

"हवं तर ये आणि घेऊन जा. चढव विमानात."

पहिली बाटली मात्र दरवर्षी बेयाचीच असे. गावी येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून ती मार्सेला जायची.

गेल्या हिवाळ्यात दोघींचे बिनसले. ऑपरेशन करायचे आहे हे बेयाने आदल्या दिवशी सांगितले. झोहरा फार चिडली. "महिनाभर माहीत होतं आणि मला आज सांगतेस? लपवलंस माझ्यापासून? आता बोलूच नकोस माझ्याशी." ती फुली दाबून उठली, आणि मी कोपऱ्यात जाऊन बसले. ऑपरेशन नीट पार पडले. झोहराला ताप आला. त्यानंतर त्या दोघी बोलल्याच नाहीत.

हेदीला घरातली शांतता सोसवेना. तो दिवसभर संगणकावर रेडिओ लावून ठेवू लागला. मी उघडले की तो फुली दाबायचा आणि मी कोपऱ्यात जायचे. झोहरासाठी स्वतः करून ठेवलेली सोय तो विसरून गेला होता. दिवा रोज लागत होता.

आणि बेया लिहीत होती. "दिवा दिसतोय तुझा." "अजून राग गेला नाही का?" "चुकले गं मी. तू काळजी करशील म्हणून नाही सांगितलं." "मी आता जिन्याच्या चार पायऱ्या चढते. तू विचारणारसुद्धा नाहीस?"

एकदा फतहीचा फोन आला. "काका, तो दिवा बंद करा ना. आई नुसती त्याच्याकडे बघत बसते. औषध घ्यायचंही विसरते."

हेदीने मला वर आणले. सगळे निरोप वाचले. झोहराच्या खात्यातून बाहेर पडले की दिवा विझला असता, आणि ते बटण त्याला माहीत होते. पण पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. एकदा बाहेर पडले की झोहराच्या नावाने कुणालाच परत आत येता येणार नव्हते. त्याने बाण बटणावर नेला, तसाच धरून ठेवला आणि मग हात काढून घेतला.

वसंत आला. बागवाली मबरूका फुलांचे गाठोडे घेऊन दारात उभी राहिली.

"झोहराने आधीच सांगून ठेवली होती, अल्ला तिच्यावर दया करो. तिचीच आहेत, सी हेदी. परत नेऊन मी काय करू?"

हेदीने खोलीत पांढरी चादर अंथरून त्यावर ती पसरली. ही फुले फार टिकत नाहीत. दुसऱ्या दिवशी कडा तांबूस होऊ लागल्या. भांडे कसे लावतात हे त्याला ठाऊक नव्हते. ते जाणणारी एक गेली होती आणि दुसरी मार्सेला होती. त्याने आठवेल तसे भांडे चढवले आणि शेगडी पेटवली. तेवढ्यात बेयाचा व्हिडिओ कॉल वाजू लागला. तो रोजच वाजे आणि कुणी घेत नसे. त्याने कॅमेरा शेगडीकडे वळवला, बटण दाबले आणि बाजूला उभा राहिला.

बेयाचा आवाज बारीक झाला होता. "आलीस का? नको बोलूस. मी बोलते, तू ऐक. फुलं छान दिसताहेत, पण भांडं जास्त भरलंयस. आणि सांध्यातून वाफ जातेय, दिसत नाही का? ओलं फडकं गुंडाळ."

हेदीचा हात फडके घेऊन पुढे आला.

"हा कुणाचा हात? सी हेदी?"

"मीच, लल्ला बेया."

"ती कुठे आहे?"

"बाजारात गेलीय. लिंबं आणायला."

मित्रांनो, भांड्याखाली आच लागली, की घरची बाई तिथून हलत नाही. पाहुणा दारात आला, तरी तिथूनच हाक मारते. दोघींना त्यांच्या आईने हेच शिकवले होते. हेदीने इतकी वर्षे ते पाहिले होते, पण कधी लक्षात घेतले नव्हते.

"पेटवून गेली?" बेयाने विचारले.

हेदीने फडके आणखी घट्ट आवळले. बाटलीत थेंब पडत होते.

"आच कमी करा, सी हेदी. अजून कमी. हं. आता असंच राहू द्या. जमेल तुम्हाला."

शेवटचा थेंब पडेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "ती आली की सांगा, मी रागावलेली नाही. कधीच नव्हते."

"सांगतो," हेदी म्हणाला.

तिला कळले की नाही, हे मला माहीत नाही. त्या दिवसापासून तिने झोहरा कुठे आहे असे विचारलेले नाही. रोज सकाळी दिवा लागला, की ती एवढेच लिहिते, "सकाळ झाली गं." हेदी ते वाचतो. उत्तर लिहायला घेतो, "लल्ला बेया, मी हेदी," इतकेच लिहितो आणि पुसून टाकतो. फतही म्हणतो, पुढच्या तपासणीनंतर सांगू. तपासणी झाली की पुन्हा पुढची येते.

हूमाच्या मालकांनी कळवले आहे की घरी बनवलेल्या माझ्यासारख्या जुन्या खिडक्या उन्हाळ्यानंतर चालणार नाहीत. तेव्हा दिवा आपोआप विझेल. सांगायचे ते त्याआधी माणसाने सांगावे, असे मला वाटते. ते काम खिडकीवर सोडू नये.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुणासाठी तरी प्रेमाने काहीतरी बनवाल. ते कसे चालवायचे हे शिकवालच, पण ते बंद कधी आणि कुणी करायचे, तेही ठरवून ठेवा. आणि कुणाच्या घरी दिवा दिसत असेल, तर त्यामागे कोण आहे याची एकदा खरी चौकशी करा.

फुलांच्या पाण्याची पहिली बाटली माझ्याशेजारी टेबलावर उभी आहे. तिच्यावर बेयाचे नाव लिहिले आहे. ती अजून पाठवलेली नाही. बेयाला अजून सांगितलेले नाही.