मला का निवडलं

माझा भाऊ वेस माझ्याआधी विद्यापीठात गेला. विद्यापीठासमोरच्या विटांच्या इमारतीत एकत्र राहणाऱ्या मुलांच्या मंडळाने, म्हणजे फ्रॅटर्निटीने, त्याला घेतलं, त्या दिवशी त्याने घरी फोन करून एवढा आरडाओरडा केला की आईने फोन कानापासून लांब धरला. "आई, आता मला घरभर भाऊ झाले!" आमच्याकडे घरात मी एकटी बहीण, आणि घराभोवती नजर पोचेल तिथवर इंडियानाचा मका. त्याला भावांचं अप्रूप वाटणारच.

पुढच्याच महिन्यात तो त्या घराच्या तळघराच्या जिन्यावरून पडला. शनिवारची दुपार होती, आमच्या विद्यापीठाचा फुटबॉलचा सामना होता. सगळी पोरं मैदानावर गेली होती, वेस एकटाच मागे राहिला, थोडी बिअर झाली होती, पाय घसरला आणि सामना संपवून पोरं परतली तेव्हा तो खाली सापडला. आम्हाला हे असं सांगण्यात आलं. विद्यापीठाच्या चौकशीतही हेच निघालं.

वेस वाचला. आता तो घरीच असतो. शब्द शोधत शोधत बोलतो, मध्येच कंटाळतो आणि हात झटकून मोकळा होतो. ताटातलं मांस त्याला कापून द्यावं लागतं.

तो बेशुद्ध होता तेव्हा त्याचे ते भाऊ हॉस्पिटलात रांगेने येत. त्यांचा अध्यक्ष हडसन माझ्या आईच्या गळ्यात पडून रडला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, ते मला आजही दिसतं. फक्त बाबा अधूनमधून म्हणायचे, "एवढ्या मोठ्या घरात त्या वेळी एकही माणूस नव्हता?" त्यांनी विद्यापीठाकडे तशी विचारणाही केली. गोड शब्दांत उत्तर आलं, आणि बाबा गप्प झाले.

मी त्याच विद्यापीठात गेले. आईला ते नको होतं, पण वेसला हवं होतं. माझ्या अंगात त्याचा जुना सदरा बघून तो टाळ्या वाजवायचा.

सोरोरिटी म्हणजे मुलींचं तसंच मंडळ, प्रत्येकाचं आपलं घर; त्यात शिरायचं म्हणजे ऑगस्टच्या उन्हात आठवडाभर घरोघर फिरायचं. प्रत्येक दारात मुली गाणी म्हणत उभ्या असतात, त्याच त्या चौकशा होतात, हसून हसून गाल दुखतात. माझे कपडे साधे, बोलणं खेडवळ. मला कोणी घेईल असं मलाच वाटत नव्हतं. आणि पांढऱ्या खांबांच्या घराने मला घेतलं, ज्याच्यासाठी भल्या भल्या मुली झुरतात त्या घराने. निकालाच्या दिवशी त्या सगळ्या हिरवळीवरून किंचाळत धावत आल्या आणि टिअर्नी बॅस्कम नावाच्या उंच मुलीने मला उचलून गरकन फिरवलं. "तू माझी!" ती म्हणाली. "मी आधीच सांगून ठेवलं होतं, ही माझी."

आमच्यात प्रत्येक नव्या मुलीला सांभाळायला एक थोरली बहीण मिळते. टिअर्नी माझी थोरली झाली. संख्याशास्त्राच्या परीक्षेआधी ती माझ्याबरोबर जागली, मला ताप आला तेव्हा सूप घेऊन आली, मी वेसबद्दल बोलायला लागले की पुस्तक मिटून ऐकायची. "बाबा काय म्हणतात आता?" असं आवर्जून विचारायची. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती आमच्या घरी आली, वेसच्या शेजारी बसली आणि कोणी न सांगता त्याच्या ताटातली टर्की बारीक कापून दिली. वेस तिला 'टी' म्हणायला लागला. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "मॅरेन, ही मुलगी सोडू नकोस हं."

पुढच्या ऑगस्टमध्ये मी दाराच्या आतल्या बाजूला होते. आता आम्ही निवडणार होतो. दुपारचं जेवण झाल्यावर आम्ही जवळजवळ सगळ्या मोठ्या दालनात चपला काढून जमिनीवर बसलो होतो. भिंतीवर एकेका मुलीचा फोटो येत होता, आणि तिच्याबद्दल जे बोललं जात होतं ते तिच्या आईने ऐकलं असतं तर तिला उचलून घरी नेलं असतं. मग ओडेट प्रुइटचा फोटो आला. ही आमच्या गावची, माझ्या ओळखीची, बोलकी मुलगी. मी हात वर केला आणि मनापासून तिची बाजू मांडली.

कार्सिन नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी उशीला टेकून बसली होती. स्वभावाने वाईट नव्हती, पण तोंडाला कुलूप नव्हतं. ती म्हणाली, "मॅरेन, राग मानू नकोस हं, राणी. पण त्या गावची आणखी एक नको. तुझी गोष्ट वेगळी होती. तुला पोरांसाठी घेतलं."

"कुठल्या पोरांसाठी?"

"अगं, हडसन आणि कंपनी. तुझ्या भावाचं ते सगळं... तुझे बाबा वकिलाकडे जातायत असं कानावर आलं होतं ना तेव्हा. म्हणून मग तू आमच्यात असलेली बरी, असं..." माझा चेहरा बघून तिचा आवाज बारीक होत गेला. "टिअर्नीने सांगितलंय ना तुला? मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल."

"कार्सिन, गप्प बस," आमची अध्यक्ष ब्लेकली म्हणाली. ती हडसनची मैत्रीण.

दालनात कोणी हलेना. कोणी माझ्याकडे बघेना. मला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की एकही चेहरा चकित नव्हता. मला उचलून घेतलं होतं, मिठ्या मारल्या होत्या, माझ्या वाढदिवसाला केक आणला होता, त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. माझ्या हातात लिंबू-सरबताचा पेला होता. तो मी नीट जमिनीवर ठेवला आणि उठले.

टिअर्नी तळमजल्यावर इस्त्री करत होती. संध्याकाळच्या कार्यक्रमाचे पांढरे झगे ओळीने टांगले होते.

"मला का घेतलं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली. तिने नाटक केलं नाही, एवढं मी तिच्या बाजूने म्हणेन.

"कोणी सांगितलं?"

"तू सांग."

"हडसनने ब्लेकलीला गळ घातली. तुझ्या घरचे काय करतायत ते कळत राहावं म्हणून. मला तुझी थोरली व्हायला सांगितलं." तिने नाक पुसलं. "पहिले काही आठवडे ते होतं, मॅरेन. नंतर नव्हतं. नंतर मी त्यांना काहीबाही सांगायचे. शपथ."

"पण त्यांना एवढी भीती कसली? तो पडला तेव्हा ते सगळे मैदानावर होते ना?"

ती टांगलेल्या झग्याची बाही सरळ करायला लागली. 

"टिअर्नी. ते मैदानावर होते ना?"

"तो सामन्याच्या आधी पडला," ती म्हणाली. "नव्या पोरांना तळघरात उभं करून दारू पाजत होते. मी तिथेच होते, आम्ही मुली त्यांच्याबरोबर मैदानावर जायला जमलो होतो. तो जिन्यावरून पडला, त्याचं डोकं पायरीच्या कडेला आपटलं. पोरांनी त्याला उचलून सोफ्यावर झोपवलं. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलवा. हडसन म्हणाला, आता बोलावली तर पोलीस येतील, घर बंद होईल. झोपू दे, सामना सुटल्यावर बघू."

"आणि तू?"

"मी सामन्याला गेले."

 तिने वेसची टर्की कापली होती. आमच्या टेबलावर बसून, माझ्या आईशी हसत बोलत, तिने एकेक घास कापला होता, हे ठाऊक असताना.

मला तिला मारावंसं वाटलं. मी मारलं नाही. मी म्हटलं, "गाडीत बस. हे माझ्या आईबाबांसमोर सांगायचं."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि माझ्यामागून आली. घरापर्यंत दोन्ही बाजूंना मका उभा होता.

दारात वेसच होता. तिला बघून त्याचा चेहरा फुलला. "टी! टी आली!" तो तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. आई हात पुसत आनंदाने म्हणाली, "अगं, आधी कळवायचं नाही का? ॲपल पाय केलाय, बस."

"आई, तिला काही देऊ नकोस," मी म्हटलं. माझा आवाज असा लागला की बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आले.

टिअर्नी उभ्याउभ्याच बोलली, माझ्याशी बोलली होती त्याच शब्दांत. आईने फडकं हातात तसंच धरलं होतं. वेस टिअर्नीचा हात सोडत नव्हता. तो एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत होता. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळत होतं.

बाबांनी एकच विचारलं. "त्याला शुद्ध होती?"

"हो."

"काही बोलला?"

टिअर्नीला रडू फुटलं. "म्हणाला, मलापण यायचंय. थांबा, मीपण येतो म्हणाला."

आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. ती वेसला घट्ट धरून उभी राहिली. बाबा टिअर्नीला म्हणाले, "हे तू सगळ्यांसमोर सांगशील?" ती हो म्हणाली. "मग बाहेर गाडीत बस, पोरी. या घरात आता मला तू नकोस."

ती बोलली. चौकशी पुन्हा उघडली तेव्हा बोलली, आणि पुढे कोर्टातही. पांढऱ्या खांबांच्या घराने तिला काढून टाकलं; मी त्याआधीच माझं सामान उचललं होतं. फ्रॅटर्निटीच्या दारावर विद्यापीठाने कुलूप घातलं. हडसन एव्हाना शिकागोत नोकरीला लागला होता, त्याला तिथून आणलं. त्याला शिक्षा झाली, पण फार मोठी नाही. वकील म्हणाले, एवढी झाली हेच खूप.

टिअर्नी मला एकदा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटली. "तुझ्याशी बोलू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अजून नाही." तो 'अजून' माझ्या तोंडून कसा आला, मला माहीत नाही. ती मान हलवून गेली.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर आम्ही गाडीकडे चाललो होतो, तेवढ्यात एक बाई आमच्या आडव्या आल्या. नीटनेटक्या, गळ्यात मोती. हडसनची आई. मला वाटलं, माफी मागतील.

"तुमचा मुलगा निदान तुमच्यापाशी आहे," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "माझ्या मुलाचं आयुष्य संपवलंत तुम्ही."

बाबा पुढे झाले, पण आईने त्यांना हाताने अडवलं. ती शांतपणे म्हणाली, "बाई, या रविवारी आमच्याकडे या. त्याला अंघोळ घालायची असते. मग भरवायचं असतं. दिवसभर राहा. आणि संध्याकाळी मला सांगा, कुणाचं संपलं ते."

 त्यांच्या नवऱ्याने त्यांना दंडाला धरून नेलं. आई गाडीत बसली, पण तिला पट्टा लावता येईना. मी तो लावून दिला. बाबांचीही तीच गत होती, म्हणून गाडी मी चालवली.