पाणी कोण तपासते?

पादरा रस्त्यावरच्या औषध कारखान्यात परदेशी तपासनीस आले होते. त्यांना कामाची रीत इंग्रजीत सांगायची जबाबदारी निरुपमावर होती. आज निभावले, तर तिची नोकरी कायम होणार होती.

आदल्या दिवशी तिच्या वडिलांनी, निवृत्त तंत्रशिक्षक भास्कररावांनी, तयारी करून घेतली होती. "रोजची रीत सांगायची ना? मग वस्तू आधी घे. पुढे इज किंवा आर, मग क्रियापदाचं तिसरं रूप. करणारा सगळ्यांना ठाऊक असेल, तर खुशाल गाळ."

"द टँक इज वॉश्ड," आज ती तपासनिसांना सांगू लागली. "द फिल्टर्स आर चेंज्ड. द वॉटर इज टेस्टेड."

तपासनिसांनी मान वर केली. "बाय हूम?"

पाणी तपासणाऱ्या कौशल्याबाई दिवाळीत निवृत्त झाल्या, तेव्हापासून ते काम कुणाकडेच नव्हते. शेजारी उभे असलेले व्यवस्थापक गुजरातीत कुजबुजले, "कही दो ने, बेन, बाय मी!"

काचेपलीकडे लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरल्या जात होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिले.

"सर, द वॉटर इज नॉट टेस्टेड."

बाटल्यांचे यंत्र थांबवले गेले. व्यवस्थापकांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून बजावले.

दांडिया बाजारातल्या घरी भास्करराव दारातच उभे होते. "कुठे अडलीस?"

"तुम्ही गाळायला सांगितलात ना, बाबा, तो करणारा तिथे नव्हताच."

सगळे ऐकून त्यांनी दारातून बाजूला होत तिला आत घेतले. मग म्हणाले, "हात धू. पान वाढलंय."