डाव्या बाजूचे ओरखडे

शंतनूनं गाडीला बॉडी किट बसवलं तेव्हा ते नेमकं काय असतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या बंपरखाली ओठासारखी कड, दोन्ही दारांखाली लांब पट्ट्या, मागं नवा बंपर, आणि सगळ्यावर गाडीचाच गडद निळा, उन्हात कण चमकणारा रंग. या हौसेपायी पठ्ठ्यानं दोन वर्षं कुठली सहल केली नव्हती. त्या उन्हाळ्यात कंपनीनं त्याला तीन आठवड्यांसाठी चेन्नईला पाठवलं. निघताना किल्ली थोरल्या बहिणीच्या हातात ठेवून तो म्हणाला, "ताई, दोन दिवसांआड नुसती चालू करून ठेव. बाहेर काढू नको."

अश्लेषानं ती बाहेर काढली. कारण सांगायलाही लाज वाटावी असं होतं. तेरा वर्षं स्कूटीवर कॉलेजात जाणाऱ्या बाईला एकदा तरी अशा गाडीतून स्टाफरूमसमोर उतरावंसं वाटलं, इतकंच.

शहराच्या कडेला, त्यांच्या सातारा परिसरात इमारती भराभर उठल्या होत्या, पण महापालिकेचा नळ तिथवर पोचला नव्हता. इमारतीचं बोअर फेब्रुवारीतच आटलं होतं आणि सगळी भिस्त टँकरवर होती. त्या सकाळीही टँकर फाटकाशी उभा होता. अश्लेषानं गाडी मागं घेतली, घाईत स्टेअरिंग वळवलं, आणि गाडीची डावी बाजू टँकरच्या लोखंडी कोपऱ्याला घासत गेली. मागचा बंपर फाटला, दाराखालची पट्टी लोंबायला लागली.

संध्याकाळी तिनं धीर करून फोन लावला. "शंतनू, गाडीला लागलंय रे."

"टँकरवाल्यानं ठोकली ना?" तो लगेच म्हणाला. "मला वाटलंच होतं."

अश्लेषा म्हणाली, "हो."

पुढचं सगळं त्या 'हो'नं केलं. शंतनूनं इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की टँकरवाला पिऊन गाडी चालवतो, उद्या एखाद्या पोराला चिरडेल. सेक्रेटरी सदाशिवरावांनी दुसऱ्याच दिवशी टँकरच्या मालकाला फोन करून तो टँकर बंद केला आणि दुसरा लावला. बंद झालेल्या टँकरचा चालक म्हणजे कारभारी. साठीला टेकलेला, जवळच्या करमाड गावचा माणूस, तीन उन्हाळे इमारतीला पाणी पुरवत आलेला. ओझं उचलवत नाही म्हणून तळमजल्यावरच्या केसरबाईंच्या दोन कळश्या ते स्वतः भरून देत. ते यायचे बंद झाले. नव्या टँकरचं पाणी भरताना अश्लेषा कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

शंतनूनं नवं किट मागवून दिलं आणि बजावलं, "दुकान मात्र नीट बघ. फिटिंगला फट राहिली किंवा रंग जुळला नाही, तर गाडी भंगारात घालावी लागेल."

जालना रोडवरच्या पहिल्या दुकानात काचेची केबिन होती, आत गारवा होता. मालकानं गाडीकडे न बघताच दोन दिवसांत करून देतो म्हणून सांगितलं. बाहेर उभ्या असलेल्या एका गाडीच्या दारावरून अश्लेषानं बोट फिरवलं, तर पोचा बुजवायला लावलेल्या लांबीचा उंचवटा हाताला लागला. ती तशीच परतली. मोंढा नाक्यावरचा दुसरा कारागीर रस्त्याच्या कडेलाच रंग मारत होता, आणि त्या वर्षी वाऱ्यात नुसती धूळ होती. ताज्या रंगावर ती बसताना दिसत होती.

चिकलठाण्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये तिला पुंडलिक सापडला. पाटीसुद्धा नव्हती, पण आतली जमीन झाडून घेतलेली होती आणि रंगाच्या खोलीचं दार बंद होतं. त्यानं खर्चाचा आकडा सांगायच्या आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं, उन्हात नेलं, सावलीत आणलं.

"रंग याच्यावरून जुळवू," तो म्हणाला. "कंपनीच्या नंबरावर जाऊन भागत नाय. दोन उन्हाळ्यात रंग उतरतो. आधी किट कोरडं बसवून बघू, फट दिसली तर घासू, मग रंग. सहा दिवस लागतील."

"सहा?"

"पाण्यानं घासावं लागतं ना, ताई. अन् पाणी एक दिवसाआड येतंय." त्यानं टबातलं गढूळ पाणी दाखवलं. तेच पाणी निवळून तो पुन्हा वापरत होता.

मग तो डाव्या बाजूला उकिडवा बसला आणि ओरखड्यांवरून अंगठा फिरवत गेला.

"कशाला लागली?"

"टँकरनं धडक दिली," अश्लेषा म्हणाली. खोटं आता अडखळतही नव्हतं.

पुंडलिकनं वर पाहिलं. "गाडी उभी व्हती का?"

"हो."

"उभ्या गाडीला धडक बसली तर मार एका जागी बसतो. हे मागून पुढं ओढत गेलंय, अन् इथं बघा, वळलंय. चाक वळवल्याबिगर असं वळण पडत नाय." मग हात पुसत तो साधेपणानं म्हणाला, "गाडी चालू व्हती, ताई. आपल्याला काय, काम करायचंय. चावी ठेवून जावा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, तिला रागावता तरी आलं असतं. ती शेडबाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. घरी जायची रिक्षा एका बाजूनं मिळत होती, करमाडकडे जाणारी जीप दुसऱ्या बाजूनं. ती जीपमध्ये बसली.

करमाडच्या अलीकडे एका विहिरीवर टँकर भरत होते. कारभारी तिथंच होते, पण टँकरवर नव्हते. मालकानं त्यांना गाडीवरून उतरवून विहिरीच्या मोटरवर बसवलं होतं. त्यांनी तिला ओळखलं आणि बसायला रिकामा डबा पालथा घालून दिला.

ती बसली नाही. "कारभारीकाका, गाडी मीच धडकवली. तुमचा टँकर उभाच होता."

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "मी तवा तुमच्या इमारतीच्या हौदावर पाईप धरून उभा व्हतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की. सेक्रेटरीसाहेब म्हणले, मॅडम कॉलेजात शिकवत्यात, त्या कशाला खोटं बोलतील?"

कारभारी मोटरीकडे बघत म्हणाले, "ठोकली म्हणालात त्याचं काय नाय. पर पिऊन चालवतो म्हणून लिवलं. माझ्या गळ्यात बावीस वर्षं माळ हाय. त्ये फोनवर फिरत गावात आलं, कुणीतरी वाचून दाखवलं, सुनंसमोर."

तिनं तिथूनच मालकाला फोन लावून खरं काय ते सांगितलं. संध्याकाळी सदाशिवरावांचं दार वाजवलं. ऐकून ते चष्मा पुसत बसले. "आता महिनाभराचा दुसरा टँकर ठरवून बसलोय," म्हणाले, "आणि हे ग्रुपवर टाकायची काय गरज आहे? तुमचंच नाव खराब होईल."

तिनं टाकलं. मग शंतनूला फोन केला. गाडीचं तो काही बोलला नाही. "पिऊन चालवतो हे तर मी मनानंच लिहिलं गं," एवढंच म्हणाला.

सहाच्या जागी आठ दिवस लागले, पण पुंडलिकचं काम चोख झालं. नवं कुठलं, जुनं कुठलं, सांगता येत नव्हतं. शंतनू आला, त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि बहिणीला म्हणाला, "गाडीत बस. करमाडला जाऊ."

कारभारी पुन्हा टँकरवर आले होते. मालकानं त्यांना शेंद्र्याकडची फेरी दिली होती. सातारा परिसरात जाणार नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. विहिरीशी शंतनू गाडीतून उतरला, दोन पावलं पुढं गेला आणि हात जोडून उभा राहिला. अश्लेषा त्याच्या मागं, मान खाली घालून.

कारभारींनी दोघांकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"रंग चांगला बसलाय," ते म्हणाले, आणि टाकी भरत आली होती म्हणून पाईप काढायला वळले.