उताणी ठमी

“ह्यावर तुमच्यापैकी एकीचाही विश्वास बसणार नाही,” असं छत्रीवाल्या मामांनी खुर्ची भाचीच्या खाटेजवळ ओढता ओढता जाहीर केलं, आणि बायकांच्या वॉर्डातल्या सहाही खाटांनी कान टवकारले. विश्वास ठेवायचा कुणाचा विचारही नव्हता. हाडं मोडून पडलेल्या माणसाला दुपारी चार ते पाच ह्या वेळात विश्वासापेक्षा करमणूक जास्त लागते.

मग मामांनी सांगितलं, की काल ठमीनं रातकिड्याची अख्खी तंगडी फस्त केली आणि असा ढेकर दिला, की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं. भिंतीवरच्या पालीनं तो ऐकला आणि ती बिऱ्हाड आवरून शेजाऱ्यांकडे राहायला गेली.

शेजारच्या खाटेवरच्या कंडक्टरबाई कंबरेला पट्टा आवळून पडल्या होत्या. त्यांनी पडल्या पडल्याच हात पुढे केला. “मामा, तिकीट दाखवा. एवढी मोठी थाप फुकट नाही न्यायची.”

ठमी म्हणजे भाचीनं आयुष्यात पहिल्यांदाच पाळलेला जीव. टॅरेंटुला नावाच्या मोठ्या केसाळ कोळ्याचं पिल्लू. पुढेमागे तळहाताएवढी होणार म्हणून तिला आधीच ते भारदस्त नाव मिळालं होतं. सध्या पाय पसरून बसली तरी ती वाटाण्याएवढीच भरायची. तिला आणून दोन आठवडे झाले नाहीत तोच भाची औषधांच्या दुकानात वरच्या फळीवरचं खोकं काढताना शिडीवरून पडली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली, आणि ठमीची डबी मामांच्या दुकानात आली.

मामांनी आजवर काही पाळलेलं नव्हतं. दुकानातली झुरळंसुद्धा आपापल्या जबाबदारीवर राहत. पण भाचीनं खाटेवरूनच एका चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं होतं: डबीतला नारळाच्या शेंडीचा भुसा एकाच बाजूनं ओला ठेवायचा, दर चार दिवसांनी मेलेल्या रातकिड्याची एक तंगडी, उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी काढायचं, ऊन नको, हाताळणं नको. खाणं सोडलं तर घाबरायचं नाही, कात टाकायची वेळ आली असं समजायचं. मामांनी चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली आणि दिवसातून तीनदा वाचली. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आधी डबी दिसेल अशी ठेवत, आणि कुणी किंचाळलं की त्याच्या छत्रीचं काम जरा जास्त मन लावून करत.

इकडे डॉक्टर म्हणाले होते, पोरगी चालेल, पण पहिल्यासारखी चालेल का ते आत्ताच सांगता येणार नाही. त्या दिवसापासून भाचीनं स्वतःच्या पायाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मामा दारात दिसले की एकच प्रश्न, “खाल्लं का तिनं?” त्या एका प्रश्नावर पोरगी तग धरून आहे हे मामांना दिसत होतं. म्हणून ठमीनं खरोखर खाणं सोडलं तेव्हा त्यांनी खरं तेवढं सांगितलं आणि वर तिखटमीठ लावलं: पोट काळंभोर चकचकीत झालंय, नव्या बुटासारखं, आणि त्यात बघून एका गिऱ्हाइकानं भांग पाडला.

घोळ झाला तो तिनं खाणं सोडल्याच्या नवव्या दिवशी सकाळी.

मामांनी दुकान उघडलं आणि डबीत डोकावून पाहिलं. ठमी उताणी पडली होती. आठही पाय वर, पसरलेले, निश्चल. दुसरा कुणी असता तर मेली म्हणून हळहळला असता किंवा डबीचं झाकण लावून मोकळा झाला असता. पण मामांची चाळीस वर्षं छत्र्यांत गेलेली. आठ काड्या, मधे गोंडा, आणि सगळं वाऱ्यानं उलटं झालेलं: असं काही समोर आलं की त्यांचे हात डोक्याला विचारत नसत. उलटलेली छत्री आधी सरळ करायची, मग कुठे काय मोडलंय ते बघायचं. बारीक चिमटा उचलला, एका पायाला धरलं आणि ठमीला अलगद सरळ केलं.

चिमट्यात काहीतरी मऊ लागलं. तेव्हा कुठे डोकं जागं झालं.

त्यांनी पिल्लू विकणाऱ्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग मामांना असं झापलं, की त्यांनी उभ्या उभ्याच चष्मा काढून हातात घेतला. टॅरेंटुला उताणी होऊनच कात टाकते, हे साध्या माणसालाही माहीत असतं म्हणे. जुन्या कातड्यातून एकेक पाय मोज्यातून काढावा तसा बाहेर काढत असते, अशा वेळी तिच्यावर फुंकरसुद्धा घालायची नसते. आता हात लावू नका. जगली तर जगली.

मामांनी दुकानाचं दार अर्धं ओढलं आणि हात मांडीखाली दाबून स्टुलावर बसले. हातांवर त्यांचा आता भरवसा नव्हता. एक गिऱ्हाईक दार ढकलून आलं, त्याला नुसत्या डोळ्यांनी घालवलं. दुपारपर्यंत ठमी आडवी होती, कुशीवर, जराशी थरथरत. एक पाय सुटला. मग दुसरा. काचेसारखे फिके, ओले पाय. मामा मोजत होते. सातवर थांबले आणि थांबूनच राहिले. आठवा जुन्या कातड्यात अडकला होता, जिथे चिमटा लागला तिथे. शेवटी ठमीनं एक हिसडा दिला आणि तो पाय आतच सोडून दिला.

तीन वाजता ती आपणहून सरळ झाली. थोडी झुकली, सावरली, आणि सात पायांवर डबीच्या कडेपर्यंत चालत गेली. मामांनी पुन्हा फोन केला. विकणारा आता निवळला होता. म्हणाला, कोवळी आहे, पुढच्या एकदोन कातींत नवा पाय फुटेल. आधी बारका असेल, मग भरेल.

इस्पितळाच्या जिन्यावर मामांनी ठरवलं, की आज सरळ सांगून टाकायचं. माझ्या हातून झालं, असं. वाक्यसुद्धा जुळवलं. पण वॉर्डाच्या दारातच कंडक्टरबाई कुबडीचा सराव करत उभ्या होत्या. त्यांनी मामांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की आज पोरीला पहिल्यांदा उभं केलं. दोन पावलं टाकली आणि बसली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय, जेवलीसुद्धा नाही.

मामांनी जुळवलेलं वाक्य गिळलं. उसनं अवसान आणून खुर्ची ओढली आणि भाचीच्या पाठीला म्हणाले, ठमीनं कात टाकली.

पाठ हलली. भाची हळूहळू वळली, कोपरावर उठली. डोळे सुजलेले, पण त्यांत काहीतरी लुकलुकलं. ते बघितलं आणि मामांची गाडी सुटली. त्यांनी सांगितलं, की कात टाकून बाईसाहेब बाहेर आल्या त्या आळस देत. नवे पाय कोवळे, त्यांना गार लागायला लागलं. मग काय, बसली स्वतःचंच सूत काढून मोजे विणायला. एक पाय वर धरायचा, बाकीच्यांनी विणायचं. टाके असे बारीक, की मामांनी आपला दाभण लाजेनं खणात टाकला. दुपारपर्यंत काम तमाम. सातही पायांत मोजे चढवून अशी ठुमकत निघाली, की रस्त्यावर लोकं थांबली.

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उशीत तोंड खुपसून हसत होती. कंडक्टरबाईंनी कुबडी भिंतीला टेकवून टाळी दिली.

भाची हसली नाही. ती मामांच्या हातांकडे बघत होती. ते पुन्हा मांडीखाली गेले होते.

“मोजे ही थाप आहे, मामा,” ती म्हणाली. “पण तुम्ही ‘सातही’ म्हणालात. सातच पाय राहिलेत ना तिला?”

मामांनी हात मांडीखालून काढून तिच्यासमोर धरले आणि होकारार्थी मान हलवली.

“चालते का ती?”